वीस मिनिटं

एकतीस वर्षं मेयोच्या वॉर्डात
मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधला,
रबरी फुगा दाबला, पारा चढवला,
मग हळूहळू सोडत ऐकत राहिले
कोपराच्या खळीत
कुठे ठोका सुरू होतो, कुठे विझतो.

आता मुलाने हे घड्याळ पाठवलंय.
काळं, जाड, चार बटणांचं,
त्याच्या डोंगर चढण्याच्या दिवसांतलं.
गुडघा गेला त्याचा, म्हणून डोंगर माझ्याकडे.
"आई, यात हवेचा दाब दिसतो."
दाब म्हटल्यावर मी चष्मा लावला.

नऊशे सदुसष्ट.
एवढा दाब घेऊन कोणी समोर आलं असतं
तर मी डॉक्टरांच्या खोलीकडे धावले असते.
इथे कोणी झोपलेलं नाही.
फक्त पाचपावलीचं आभाळ, एप्रिलचं, पांढरट,
तव्यावर पाणी शिंपडण्याआधी असतं तसं.

पुस्तिकेत लिहिलंय, उंची एकदा भरून द्या.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची आठवून
मी तीनशे नऊ भरली.
चार वाजता बघते तर साडेतीनशे.
खोली तीच, लोखंडी कपाट तेच,
कूलर तसाच खडखडतोय,
आणि आम्ही चाळीस मीटर वर!
रात्री जेवणं आटोपेपर्यंत बरेचसे खाली उतरतो.
रोज.
दुपारी हवा सैलावते,
घड्याळाला वाटतं बाई चढली.
त्याला दुसरं काही वाटूच शकत नाही.

मागल्या मंगळवारी ते तीनदा किंचाळलं.
बाण खाली, सरळ खाली.
मी गच्चीवर पळाले, कुरडयांची चादर चारी टोकांनी उचलली,
बारापात्रेबाईंना हाक मारली,
त्यांनी नंदनवारांना, त्यांनी खालच्या टेलरला,
पाच मिनिटांत अख्खी गल्ली पापड-सांडगे घेऊन आत.
मग सगळे आपापल्या दारात उभे.
एक पान हललं नाही.
"काय सिस्टर, तुमचं घड्याळ तं फेकून राह्यलं,"
नंदनवार म्हणाले.
अर्धओल्या कुरडया रात्रभर
माझ्या पलंगाखाली आंबत राहिल्या.

गारा शुक्रवारी आल्या. लिंबाएवढ्या.
टेलरच्या पत्र्यावर, कोपऱ्यावरच्या संत्र्यांच्या ठेल्यावर.
घड्याळ गप्प.
मी रागावले नाही त्याच्यावर.
वॉर्डातही असंच व्हायचं,
तक्त्यावर सगळं ठीक, आणि पहाटे पाचला कॉट रिकामी.
आणि ज्याच्या घरच्यांना आपण रात्री निरोप धाडून बोलावलं
तो सकाळी उठून तर्रीपोहे मागायचा.

तापमान मात्र त्याला हातावर असताना कळत नाही.
हवेत माझाच ताप मिसळून सांगतं.
काढून ठेवा, पुस्तिका म्हणते,
वीस मिनिटं थांबा.

मी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते,
गजांपासून दूर, सावलीत.
मनगटावर एक फिकट पट्टा उरतो, घामाने ओला.
तिकडे आधी अडतीस.
मग एकोणचाळीस पूर्णांक चार.
मग एक्केचाळीस.
हळूहळू ते मला विसरत जातं
आणि बाहेरचं खरं सांगायला लागतं.

वीस मिनिटं काय करायचं?
सवयीने बोटं त्या फिकट पट्ट्यावर येतात,
अंगठ्याखाली, बरोबर नाडीवर.
मोजायला घड्याळ लागतं.
ते तर तिकडे.
मी न मोजताच धरून बसते.